सर्पदंशाचं इंजेक्शन (एएसव्ही): पाचपैकी चार स्टार

हा रिव्ह्यू कुठल्या कंपनीचा नाही, औषधाचा आहे. बायको म्हणाली याचा कोणी रिव्ह्यू लिहितं का, म्हटलं मिक्सरचा लिहिला तेव्हा काही बोलली नाहीस.

मागच्या ऑक्टोबरात भातकापणीत बाबांना घोट्याला घोणस चावली. काका भगताकडे न्यायचं म्हणत होते, मी ऐकलं नाही, गाडीत घातलं नि निघालो. पहिल्या दवाखान्यात स्टॉकच नाही, पुढे जा म्हणाले, त्यात पाऊण तास गेला, तो राग अजून आहे. दुसरीकडे सिस्टरने रक्त काढून काचेच्या नळीत घेतलं आणि नळी वीस मिनिटं तशीच ठेवली, कोणी हात लावायचा नाही. मग तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. घोणसचं विष हेच करतं. लगेच औषधाच्या दहा व्हायल, म्हणजे छोट्या बाटल्या, काढल्या. आत पांढरी पावडर, पाणी घालून हळूहळू गोल फिरवत विरघळवायची, जोरात हलवली तर फेस येतो. दहाच्या दहा होईपर्यंत मी रिकामं खोकं वाचत उभा, दुसरं करणार काय.

खोक्यावर लिहिलेलं, एक मिली औषध नागाचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं, घोणसचं ०.६, मण्यारचं ०.४५, फुरशाचं ०.४५. आणि बारीक अक्षरात 'इक्वाइन', म्हणजे घोड्याचं.

आता माझी गोची अशी की कॉलेजात बेडूक कापणार नाही म्हणून प्रॅक्टिकलचे मार्क घालवलेला माणूस मी, शाम्पू घेतानाही बाटलीवर ससा बघून घेतो (२०१४ पासून आपल्याकडे कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्टिंग बंदच आहे, त्यामुळे तो ससा निम्मा जाहिरातीसाठी). आणि इथे घोड्याला आधी विषाचा अगदी बारीक डोस, मग वाढवत वाढवत, अंगात अँटीबॉडी (विषाला अडवणारी प्रोटीन) तयार झाल्या की रक्त काढायचं, प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) ठेवायचा, नीट काम करणाऱ्या कंपन्या लाल पेशी घोड्याला परत देतात. १८९० च्या दशकात फ्रान्सच्या काल्मेट नावाच्या शास्त्रज्ञाने काढलेली रीत, मुळात आजही तीच. आणि ते ०.६ कुठून आलं? विष नि औषध मिसळून उंदरांना टोचतात, किती जगले किती मेले त्यावरून. घोडा निदान चरायला तरी जात असेल, उंदराचं काय.

हे घोड्याचं औषध द्यायचं का असं त्या रात्री कोणी विचारलं असतं तर एका सेकंदात हो म्हणालो असतो, आजही म्हणेन. पण सव्वाशे वर्षं घोडाच का, याचं कारण मला तरी सरळ दिसतं, साप चावतो शेतकऱ्याला नि मजुराला, त्यांच्यासाठी नवीन औषध काढायला पैसा कोण लावणार. बंगळुरूच्या आयआयएससी या विज्ञान संस्थेने अमेरिकेच्या स्क्रिप्स संशोधन संस्थेबरोबर २०२४ मध्ये लॅबमध्ये बनवलेली अँटीबॉडी दाखवली, घोडा नको, नागाच्या नि मण्यारच्या विषातल्या घातक प्रोटीनच्या एका मोठ्या गटावर चालते. तिची परीक्षाही उंदरांवरच झाली म्हणा.

एक स्टार कापलाय तो औषधासाठी. घोड्याचं प्रोटीन, त्यामुळे दुसऱ्याच बाटलीला बाबांना हुडहुडी भरली, अंगभर गांधी उठल्या, अ‍ॅड्रेनलिन द्यावं लागलं (सिस्टरने ते आधीच भरून ठेवलं होतं, पाचपैकी पाच तिला). शिवाय चारच साप, आपल्या घाटातला चापडा (हाही विषारी साप) चावला तर उपयोग नाही. विषही बहुतेक तमिळनाडूतल्या इरुळा लोकांच्या सोसायटीतून येतं, आणि तिकडची घोणस नि आमच्या बांधावरची घोणस यांचं विष सारखंच असतं असं नाही. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं हे मात्र खरं, पण निघण्याआधी फोन करून स्टॉक विचारा.

चौथ्या दिवशी घरी आल्यावर बाबांना सांगितलं की तुमच्या अंगात घोड्याचं औषध गेलंय. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग विचारलं, "वैरण नीट घालतात का रं त्याला?" मी मोबाईलवर शोधेपर्यंत झोपून गेले.