रबराच्या ठोकळ्यातून वाळू निघाली

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेत आम्ही दरवर्षी मांडे आणि शेवभाजी विकतो. बोलेरोमागे ओढायचा दोन चाकी ट्रेलर आहे. पुढे चुली, मागे निजायची जागा. यात्राभर तेच आमचं घर. उभा ट्रेलर घरंगळू नये म्हणून चाकांना वडिलांनी सुताराकडून घडवून घेतलेले बाभळीचे ठोकळे लावायचो. त्यातला एक चिरला, म्हणून धुळ्याला हायवेलगतच्या एका दुकानातून रबरी ठोकळ्यांची जोडी घेतली, 1,800 रुपयांना.

दुकानदाराने काउंटरवरचा ठोकळा हातात दिला. भरीव, जड, वर ‘10 टन’ छापलेलं. बांधून दिली मात्र खोक्यातली जोडी. उचलून पाहिली, वजन तेवढंच लागलं, म्हणून खोकं उघडलं नाही. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्क्या बिलावर जीएसटी लागेल, भाऊ. उगाच कशाला?” कागदाच्या चिटोऱ्यावर आकडा लिहून दिला आणि मी तो घेतला. ती चूक माझी.

यात्रेत आमची जागा तापीकडे थोडी उतरती आहे. ठोकळे लावले, ट्रेलर सोडला आणि भाऊ बोलेरो घेऊन पाणी आणायला गेला. दुपारी गिऱ्हाईक वाढलं. आम्ही तिघं ट्रेलरवर चढ-उतर करत होतो आणि पुतण्या मागच्या बाजूला भांडी घासत बसला होता. ‘फट्’ असा आवाज झाला आणि पायाखालची फळी सरकली. शेजारच्या घोडेवाल्याने आधी पाहिलं. “पोऱ्या, बाजूले व्हय!” म्हणून तो ओरडला आणि त्याने पोराला दंडाला धरून ओढलं. ट्रेलर आठ-दहा फूट गेला, घोड्याच्या दावणीचा खुंट मोडून थांबला. उकळत्या रश्श्याचं पातेलं पोर बसलं होतं तिथेच सांडलं. आजही ते आठवलं की माझे हात थरथरतात.

फुटलेला ठोकळा उचलला तर वर जेमतेम दोन सूत रबराची साल, आत प्लास्टिकचा डबा आणि डब्यात वाळू. वजनाला मी फसलो ते असं.

नंतर ट्रेलर बांधणाऱ्या जुन्या मिस्त्रींनी समजावलं, ते आधी कळायला हवं होतं. ‘10 टन’ या आकड्याला भुलू नका. ठोकळ्यावर किती ओझं ठेवता येईल हे एक आणि उतारावर तो चाक किती धरेल हे दुसरं. आमचा ट्रेलर भरून साधारण एक टन होतो. दहा फुटांत एक फूट उतार असला तरी तो 100 किलोच्या आसपास जोराने खाली ओढतो. त्यात माणसांचे हिसके वेगळे. ठोकळ्याची उंची चाकाच्या उंचीच्या निदान चौथा हिस्सा हवी. आमचं चाक 28 इंची, म्हणजे सात इंच तरी पाहिजे होते. त्या जोडीची उंची होती चार. कमी उंचीवर चाक सहज चढतं. शिवाय ठोकळा दोन्ही चाकांना, उताराच्या बाजूने आधी आणि मग वरच्या बाजूनेही, टायरला घट्ट भिडवून बसवायचा. हे सगळं ट्रेलर गाडीपासून सोडायच्या आधी. कोपऱ्यातले टेकू ट्रेलर डुलू देत नाहीत, पण घरंगळणं थांबवत नाहीत. आम्ही त्या टेकूंवरही विसंबून होतो.

तुकडे घेऊन दुकानात गेलो. “हा आमचा मालच नाही,” एवढंच उत्तर मिळालं. पण पैसे फोनवरून भरलेले होते, त्याची नोंद आहे. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्जही करणार आहे. त्याला दोन वर्षांची मुदत असते आणि एवढ्या रकमेला फी लागत नाही. अशी जोडी कुणाच्या पदरी पडली असेल तर तुकडे, खोकं आणि पैसे भरल्याचा मेसेज टाकून देऊ नका.

आता बाभळीचेच चार नवे ठोकळे करून घेतले आहेत. रबरी घेणाऱ्यांनी खोकं दुकानातच उघडावं आणि तळ बघावा. आमच्या जोडीच्या दोन्ही ठोकळ्यांच्या तळाला, कोपऱ्यात, रुपयाच्या नाण्याएवढं काळं बूच होतं. वाळू तिथूनच भरली होती. नखाने खरवडलं की ते निघतं.