कपाशीच्या अळीसाठी मायक्रोस्कोप घेतला, दहा महिन्यांचा अनुभव

आमचं वावर घाटंजी तालुक्यात, कापूस अन् तूर. मागच्या वर्षी आधी घेतला तो कंपाउंड, म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला, डब्यावर १०००x (हजार पट) लिहिलेलं पाहून. पऱ्हाटीचं पान खाली ठेवलं तर नुसता काळोख, काहून की त्याचा उजेड खालून येतो अन् पातळ कापाच्या आरपार जावा लागतो. ४० चं भिंग लावलं की काचेपासून एक मिलिमीटरही जागा उरत नाही, बोंड ठेवाल कुठं? दुकानदारानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

तो गावातल्या शाळेला दिला अन् आषाढात स्टिरिओ, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी पाहायचा, घेतला, २०x अन् ४०x वाला. शेतीच्या कामाला हाच पाहिजे भौ. उजेड वरून, खाली हात घालायला भरपूर जागा, चित्र सुलटं, त्यामुळं पाहता पाहता ब्लेडनं चिरता येते. पहिली डोमकळी (अळी आत असल्यानं न उमललेलं कपाशीचं फूल) उघडली तेव्हा आत पांढुरकी, काळ्या डोक्याची बारीकशी अळी वळवळत होती. बाबा म्हणे, ही गुलाबी कायची? पण गुलाबी बोंडअळी लहानपणी अशीच पांढरी असते, गुलाबी रंग मोठी झाल्यावर चढते, अन् तोवर ती बोंडात शिरून बसलेली असते. त्या दिवसापासून बाबा रोज डोमकळ्या तोडून आणतात, मी पाहतो, अन् फवारणीचं त्यावर अन् मादीच्या वासानं नर ओढणाऱ्या कामगंध सापळ्यातल्या पतंगांवर ठरवतो. पानामागचे फुलकिडेही चालताना स्पष्ट दिसतात.

कंपाउंड वाईट नाही हं, शाळेत पोट्टे कांद्याच्या सालीतल्या पेशी १०० अन् ४०० पटीत पाहतात, त्याले खालची ४, १० अन् ४० ची भिंगं पुरतात, डोळ्याकडचं भिंग १० चं, दोन्ही आकडे गुणायचे. १०० च्या भिंगाला तेल लागते. अन् २०००x च्या लालचेत पडू नका, साध्या उजेडात साधारण ०.२ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खालचं वेगळं दिसतच नाही, चित्र फक्त फुगते. मोबाईलला जोडायचा यूएसबीवालाही वापरून पाहिला, फोटोपुरता ठीक, खोली समजत नाही.

त्रास एकच झाला, भादव्यात भिंगावर बुरशीची जाळी धरली, ती काढायला नागपूरला न्यावं लागलं. आता सिलिका जेलच्या पुड्या टाकून पत्र्याच्या पेटीत ठेवतो. लाईट जाते म्हणून पॉवर बँकेवर चालणारा दिवा आहे का तेही विचारा.

पैसे देण्याआधी खाली दहाची नोट ठेवा, नळ्या डोळ्यांच्या अंतराएवढ्या सरकवा अन् दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहा. एकच गोल दिसला पाहिजे, दोन दिसले तर तो पीस घेऊ नका, दुसरा मागा.