गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना घेणारा सायटोब्रश

दुभत्या गायीच्या गर्भाशयाच्या अस्तरातली जनुकं किती सक्रिय आहेत हे पाहायला सायटोब्रश (पेशी खरवडून घेणारा, नळीच्या आवरणातला बारीक ब्रश) बायोप्सीपेक्षा, म्हणजे ऊतीचा तुकडा कापून घेण्यापेक्षा, सौम्य आणि चांगलाच भरवशाचा. नळी गर्भाशयमुखाच्या पुढे गेल्यावरच आवरण मागे ओढा, ब्रश अस्तराला हलका टेकवून फिरवा आणि पुन्हा आवरणात घेऊनच बाहेर काढा; नाहीतर योनीतल्या पेशी मिसळतात. ब्रशवर लालसर छटा दिसली की नमुना बाद! रक्तातल्या पांढऱ्या पेशींमुळे आयएल-८ (दाह दाखवणारं जनुक) फुगून दिसतं आणि निरोगी गायीला सुप्त गर्भाशयदाह (बाहेरून लक्षणं न दिसणारा दाह) असल्यासारखं वाटतं. ब्रश लगेच आरएनए (जनुकांची सक्रियता ज्यावरून मोजतात तो रेणू) टिकवणाऱ्या द्रावणात बुडवा. उणीव एकच, पण मोठी: पेशी मुख्यतः वरच्या थरातल्याच मिळतात, खोलवरच्या ग्रंथींसाठी बायोप्सीच हवी. आणि माजचक्राचा दिवस नोंदवाच, प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाबरोबर कित्येक जनुकांची पातळी बदलते.