व्हरमाँटच्या जंगलात डिस्क गोल्फ: ब्रूस्टर रिज की फॉक्स रन मेडोज?

डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी तबकडी (डिस्क) फेकत कमीत कमी फेकींत टोपलीत पोहोचवायचा खेळ. यूडिस्क या डिस्क गोल्फच्या ॲपवर अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातलं स्मगलर्स नॉच शोधलं की एकाच रिसॉर्टचे दोन कोर्स (खेळाची मैदानं) दिसतात. २०१८ आणि २०२३ च्या व्यावसायिक जागतिक स्पर्धा इथेच झाल्या.

फॉक्स रन मेडोज बराचसा मोकळा, कुरणांचा. लांब फेक जमत असेल तर मजा येते, पण वारा डिस्क भलतीकडे नेतो.

माझा जीव मात्र ब्रूस्टर रिजवर. दाट झाडी, अरुंद वाटा, चढउतार. इथे ताकदीपेक्षा नेम महत्त्वाचा. डिस्क सोडताना हात जरा वाकडा गेला की डिस्क खोडावर आपटलीच! नवख्यांनी सरळ जाणारी, हळू वेगाची मिडरेंज (मध्यम अंतराच्या फेकीची डिस्क) घ्यावी, तीही भडक रंगाची, पण पिवळी नको. पानगळीत पिवळी डिस्क सापडता सापडत नाही.