शेवटची ओळ कधीच दिसली नाही: मराठीतल्या पायथन कोर्सचा सहा महिन्यांचा अनुभव

काल वर्गणी संपल्याचा मेसेज आला, पुन्हा १,४९९ रुपये भरा म्हणून. म्हणून आजच लिहायला बसले.

कोर्सचं नाव देत नाही. मराठीतून पायथन, म्हणजे संगणकाचे प्रोग्राम लिहायची भाषा; ४३ व्हिडिओ, सगळे मोबाइलवर. मी पतसंस्थेत कारकून आहे, वय ४६. सरांची भाषा साधी, उदाहरणं आपल्या व्यवहारातली. पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसातल्या दोघींना हा कोर्स घ्यायला सांगितलं होतं.

पण व्हिडिओ थांबवला की खालून काळी पट्टी वर येते आणि कोडची शेवटची ओळ झाकते. दरवेळी! नवशिक्या माणूस थांबवून थांबवूनच टाइप करतो ना? कोड वेगळा लिहून दिलेला नाही. सर ओळ वाचतही नाहीत, “आणि इथे हे असं लिहायचं” एवढंच म्हणतात. ज्याला नीट दिसत नाही, त्याने काय करायचं?

नवव्या धड्यात दोन हप्त्यांची बेरीज होती. शेवटची ओळ मी अंदाजाने लिहिली. ५०० आणि २५० टाकले, उत्तर आलं ५००२५०. दोन रात्री त्यात गेल्या. इनपुटने घेतलेला आकडा पायथन मजकूर म्हणून धरतं, त्याला आधी ‘इंट’ लावून संख्या करावी लागते. ते ‘इंट’ नेमकं पट्टीखाली होतं. तक्रार केली, तर उत्तर आलं, “फुल स्क्रीन करून बघा.” पट्टी तिथेही येते.

तोवर वाटायचं, एवढी पट्टी काढली की कोर्स उत्तम. मग आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले ‘सी’ या दुसऱ्या संगणक-भाषेचे मराठी धडे पाहिले, फुकट. धडा दहाएक मिनिटांचा, बोललेलं सगळं वेळेसकट लिहून दिलेलं. शिवाय मुद्दाम सेमीकोलन गाळतात, आलेली एरर वाचतात, मग दुरुस्त करतात. ते पाहून मला केवढा धीर आला! आमच्या सरांच्या हातून ४३ व्हिडिओंत एकही चूक होत नाही, माझ्या हातून रोज व्हायच्या. खरं तर २०२१ च्या ३.१० आवृत्तीपासून कंस बंद करायचा राहिला तर पायथन तसं स्पष्ट सांगतं, पूर्वीसारखं नुसतं ‘अनएक्स्पेक्टेड ईओएफ’ (फाइल अचानक संपली) म्हणत नाही. हे शिकवायला पाच मिनिटं पुरली असती.

पुन्हा पैसे भरलेले नाहीत. ४३ धड्यांच्या शेवटच्या ओळी व्हिडिओ चालू असतानाच बघून बघून मी वहीत उतरवल्या आहेत. त्या दोघींनी कालच वहीची झेरॉक्स काढून नेली.