उतारा जसाच्या तसा द्यावा, की आपल्या शब्दांत?

प्रबंधात किंवा लेखात दुसऱ्याचं म्हणणं घ्यायचं असेल, तर ते अवतरणचिन्हांत जसंच्या तसं देता येतं, आपल्या शब्दांत मांडता येतं, नाहीतर त्याचा सारांश काढता येतो. बरेचजण मात्र शब्द इकडेतिकडे बदलून मोकळे होतात.

समजा, मूळ वाक्य असं आहे: ‘११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात कोयनानगरची मोठी हानी झाली आणि धरणात साठवलेल्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असतो का, हा प्रश्न जगभरच्या भूवैज्ञानिकांपुढे आला.’

शब्दबदल करणारा लिहील: ‘११ डिसेंबर १९६७ ला पहाटे झालेल्या धरणीकंपात कोयनानगरचं खूप नुकसान झालं आणि जलाशयातल्या पाण्याचा भूकंपाशी संबंध आहे का, हा सवाल जगातल्या भूशास्त्रज्ञांसमोर उभा राहिला.’ सांगाडा तोच, फक्त कपडे बदलले. खाली संदर्भ दिला तरी वाक्यरचना उचललेलीच राहते. शब्द बदलून देणारी ॲप्स बहुतेक वेळा हेच करतात.

याउलट: ‘धरणातलं पाणी आणि भूकंप यांचा काही संबंध आहे का, याची जगभर चर्चा व्हायला कोयनेचा १९६७ चा भूकंप निमित्त ठरला.’ इथे लिहिणाऱ्याने आपल्याला काय हवं ते ठरवलं, प्रश्न पुढे आणला, पहाट आणि हानी गाळली. हे जमायला मजकूर दोनदा वाचून पुस्तक मिटून लिहावं, मग उघडून ताडून पाहावं. ताडताना सन-आकड्यांइतकंच ‘का’, ‘बहुधा’, ‘काही’ अशा शब्दांकडे लक्ष हवं. ‘धरणातल्या पाण्यामुळे भूकंप झाला’ असं लिहिलंत, तर मूळ लेखकाने फक्त विचारलेला प्रश्न तुम्ही त्याच्या नावावर उत्तर म्हणून खपवलात. मला ही चूक उचलेगिरीपेक्षा वाईट वाटते, कारण ती उचलेगिरी शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला दिसत नाही.

जसाच्या तसा उतारा कायद्याच्या कलमाला, व्याख्येला, किंवा मुलाखतीतल्या अहिराणी-वऱ्हाडी बोलण्याला शोभतो. तिथे शब्दच पुरावा असतात. अख्ख्या प्रकरणाचा सूर दोन ओळींत सांगायचा असेल तर सारांश. बाकी बहुतेक ठिकाणी माझं मत आपल्या शब्दांच्या बाजूने. तिन्हींत संदर्भ द्यायचाच.

प्रबंधाचा मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी किती टक्के जुळतो, हे अशा सॉफ्टवेअरने मोजतात, आणि पीएचडीवाल्यांना या टक्क्यांची धास्ती असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, १० ते ४० टक्क्यांना सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, ६० च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं या मोजणीतून वगळतात. म्हणजे टक्के कमी करायला अवतरणाची मोडतोड करण्यात काहीच अर्थ नाही.

इंग्रजी पुस्तकातला परिच्छेद मराठीत आणला की तो आपलाच झाला, असा समज आपल्याकडे भलताच पक्का आहे. ओळीला ओळ लावून केलेला तो अनुवाद असतो. तसं सांगा, मूळ लेखकाचं नाव आणि पान द्या. नाहीतर वर कोयनेच्या वाक्याचं केलं तसं, पुस्तक मिटून पुन्हा लिहा.