जुनी दुनळी रायफल, .५००/४६५: रूप दहापैकी दहा, पुण्याच्या हवेत सांभाळणं जिकिरीचं

दुनळी म्हटलं की बारा बोअर, छऱ्यांची बंदूक, डोळ्यासमोर येते. ही ती नव्हे. हिच्या दोन्ही नळ्यांना आतून गोळीला फिरकी देणारा पीळ आहे, वजन पाच किलोच्या आसपास, गोळी ४८० ग्रेनची, म्हणजे ३१ ग्रॅम. हिंदुस्थानात .४५० बोअरवर इंग्रज सरकारने बंदी आणली, म्हणून हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या बंदूक कारखानदारांनी १९०७ मध्ये हे .५००/४६५ काडतूस काढलं.

घेण्याआधी दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री करा. मग नळ्या उतरवून आकड्याला टांगा आणि टिचकी मारा. घंटेसारखा स्वर निघाला तर मधल्या पट्टीचा डाख शाबूत आहे. भद्द वाजलं तर डाख सुटलाय, आत ओल शिरून गंज धरणार. नव्याने डाखायचं तर दोन्ही नळ्यांचा नेम पुन्हा जुळवावा लागतो. नक्षी कितीही देखणी असो, अशी बंदूक सोडून द्या. नळ्या पुन्हा बसवून बिजागरीपाशी हलवून पाहा; खडखडली किंवा सांध्यातून उजेड दिसला तर बिजागरी झिजली.

पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डावीचा. नेम एकाच ठरावीक गोळी-बारुदासाठी जुळवलेला असतो. भार बदलला की दोन्ही नळ्या दोन दिशांना मारतात. एका चापावर दोन्ही उडाल्या तर आतले खटके झिजलेत, नाहीतर धक्क्याने बोट मागच्या चापावर आपटलं. रिकाम्या नळीवर घोडे पाडू नका, डमी काडतुसं घाला.

जुन्या काडतुसांच्या टोपीतला क्षार नळीत राहतो आणि हवेतली ओल ओढतो. नुसतं तेल त्याला पुरत नाही: कडकडीत पाणी ओता, कोरडं पुसा, मग तेल. ठेवताना नळीचं तोंड खाली, नाहीतर तेल दस्त्यात उतरून लाकूड मऊ पडतं आणि मुठीपाशी चिरतं. जून ते सप्टेंबर चामडी पेटीत ठेवणं बंद! चामडं ओल धरतं.

‘जुनी आहे, परवाना कशाला?’ हा गैरसमज महागात पडतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातली सूट दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारालाच आहे. शहरात परवाना पोलीस आयुक्तालयाचा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच बंदुका, मुदत पाच वर्षं. शिकार तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर विसराच. निवडणुकीत जमा करायची वेळ आली तर नळ्यांना आतबाहेर तेल लावून द्या आणि पावतीवर नंबरासोबत नळीची अवस्थाही लिहून घ्या.